भांडणापुरती जागा

आमच्या जाफराबादहून मुंबईच्या मंत्र्याला पत्र जायला पूर्वी महिना-महिना लागायचा, आणि त्यात टपालखात्याचा काडीचाही दोष नव्हता. पत्र लिहिणारे सांडूअण्णा आणि त्यावर दुसरी सही करणारे मुनाफभाई या दोघांचं एकेका शब्दावर एकमत व्हायलाच तेवढा वेळ जायचा. पत्राचा विषय दर वेळी एकच असे, हिंदू-मुसलमान ऐक्य. आणि ऐक्याचं एक पत्र तयार होईपर्यंत या दोघांत जेवढी भांडणं होत, तेवढी उरलेल्या गावात मिळून होत नसत.

हे मला बसल्याजागी कळायचं, कारण माझं झेरॉक्सचं दुकान एसटी स्टँडसमोर आहे आणि मुनाफभाईंचा गादी कारखाना माझ्या भिंतीला भिंत लावून आहे. कारखाना हा पाटीवरचा शब्द. आत कापूस पिंजायचं एक मशीन, गाद्यांच्या खोळी, हातभर लांब सुई आणि भुवयांपर्यंत कापूस चिकटलेले मुनाफभाई. त्यांच्या भुवया मुळात काळ्या आहेत हे मला त्यांच्याकडच्या एका लग्नात पहिल्यांदा समजलं.

सांडूअण्णा शेतकरी. भोकरदन रस्त्याला त्यांचं शेत आहे, पण शेत पोरगा बघतो आणि अण्णा देश बघतात. उंच, वाळकी मूर्ती, डोक्याला टोपी, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि एक खास मुनाफभाईंच्या सहीचं. "लिहून कळवतो" हे त्यांचं आवडतं वाक्य. दूध पातळ आलं की गवळ्याला म्हणायचे, "लिहून कळवतो." एसटी उशिरा आली की कंडक्टरला, "लिहून कळवतो." कोणाला कळवणार ते कधी सांगायचे नाहीत, त्यामुळे गावातले बरेच लोक त्यांना उगीचच थोडे टरकून असत.

त्यांच्या पत्राची सुरुवात ठरलेली. मुख्यमंत्री असो की दिल्लीतला कोणी मोठा माणूस, पहिल्या पाच-सहा ओळी पाऊसपाण्याच्या. "इकडे सोयाबीनला फुलोरा आहे. पाऊस बेताचा. आमची एक शेळी खोकत असते. आपल्याकडील सर्व मंडळी खुशाल असतील." मी एकदा झेरॉक्स काढताना विचारलं, "अण्णा, मुख्यमंत्र्यांना तुमच्या शेळीचा खोकला कशाला कळवायचा?"

"मंग काय एकदम हिंदू-मुसलमानावर येऊ?" अण्णा म्हणाले. "माणूस बिचकतो. आधी घरचं इचारावं, मंग कामाचं बोलावं. तुम्ही शहरात शिकून आल्ते, तुम्हाला न्हाई कळायचं."

मी शहरात म्हणजे जालन्यात शिकलो होतो. पण अण्णांच्या लेखी माणूस बिघडायला तेवढं पुरे होतं.

त्या खोकल्याचं पुढे भलतंच झालं. इतक्या पत्रांतून एकाच पत्रावर काही हालचाल झाली, ती याच. वरच्या कुठल्याशा टेबलावर कोणीतरी पत्राच्या पहिल्या ओळी तेवढ्या वाचल्या असाव्यात. एके दिवशी एक तरुण डॉक्टर पेटी घेऊन अण्णांचं घर विचारत आले आणि त्यांनी शेळी तपासून औषध दिलं. ऐक्याचं पत्र गुरांच्या डॉक्टरकडे गेलं म्हणून गाव हसून लोळलं. अण्णांना त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. ते डॉक्टरांना घेऊन मुनाफभाईंच्या घरी गेले आणि त्यांच्याही दोन बोकडांना सुई टोचून घेतली. "दोघांची सही हाय ना पत्रावर," म्हणाले, "मंग एकट्याचीच शेळी कशी बरी करता?"

दोन सह्यांचं म्हणाल तर तोही एक तंटाच होता. ऐक्याच्या पत्रावर एकाची सही चालत नाही, हिंदूची पाहिजे आणि मुसलमानाचीही पाहिजे, इथवर दोघांचं जमलं. पण आधी कोणाची? यावर म्हणे पहिलं पत्र तसंच पडून राहिलं. शेवटी तोड निघाली. मराठी डावीकडून चालते आणि उर्दू उजवीकडून. म्हणून अण्णांची मराठी सही कागदाच्या डाव्या टोकाला आणि मुनाफभाईंची उर्दू सही उजव्या टोकाला. आपापल्या बाजूने दोघेही पहिले.

संध्याकाळी मशीन बंद झालं की कारखान्यात वाचन सुरू व्हायचं. आधी अण्णा मोठ्यानं वाचून दाखवायचे. मग मुनाफभाई कागद स्वतःकडे घ्यायचे. ते उर्दू शाळेत शिकलेले, मराठी ओळीखाली बोट ठेवून वाचायचे. बोट थांबलं की समजावं, अडलं. "ये लफ्ज नक्को," असं भिंतीपलीकडून ऐकू आलं की मी माझं शटर थोडं उशिरा लावायचा बेत करायचो.

एकदा अण्णांनी पेपरातून 'सहिष्णुता' हा शब्द आणला. बोट थांबलं.

"इसका मतलब?"

"सहन करणं. एकमेकाला सहन करून राहणं."

"अबे अण्ण्या, मैं तेरेकू कित्ते बरस से सहन कर रहा. मैंने कब्बी मिनिस्टरकू लिखा क्या?"

सहिष्णुता गेली. एकदा 'हिंदू-मुसलमान भाई-भाई' असं आलं. त्यावर तर मुनाफभाईंनी कागद खाली ठेवला. "मेरे दो भाई हैं. दोनों कोर्ट में हैं, मेरेच ऊपर दावा करके. तेरा भाई?"

अण्णांच्या भावाशी बांधावरून त्यांची तारीख चालू होती.

"फिर? शेजारी लिखो. शेजारी में कोर्टकचेरी कम है." आणि तेव्हापासून अण्णांच्या प्रत्येक पत्रात हिंदू-मुसलमान हे शेजारी-शेजारी झाले. मला ते अजूनही पटतं. पुढाऱ्यांच्या भाषणांत ते भाऊ असतात, आणि म्हणूनच की काय, भावांसारखे वागतात.

ही भांडणं हाताबाहेर जायला लागली की कौसाबाई यायच्या. अण्णांच्या पत्नी. ठेंगण्या, आवाज खणखणीत. पायरीवर उभ्या राहून म्हणायच्या, "दोघांचेबी शब्द काढा अन् जेवायला चला. तिकडं मंत्री जेवून झोपला असंल." मुनाफभाई "हौ भाभी" म्हणत उठायचे. ते जगात एकट्या कौसाबाईंचं मुकाट्यानं ऐकायचे, आणि अण्णांचीही तीच गत होती.

दोन वर्षांमागे कापूस वेचणीच्या तोंडावर कौसाबाई गेल्या. थोडक्या आजारात गेल्या. अण्णा त्यानंतर बरेच दिवस स्टँडवर दिसले नाहीत. दिसले ते एकदम डोक्यावर गादीची वळकटी घेऊन. ती गादी त्यांच्या शेतातल्या कापसाची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस कौसाबाईंनी स्वतः वेचून, सरकी काढून बाजूला ठेवला होता आणि मुनाफभाईंनी त्याची गादी भरली होती. आता तिच्यात गोळे झाले होते. मुनाफभाईंनी सगळी कामं बाजूला ठेवून ती उसवली, कापूस पिंजला, निळ्या पट्ट्यांची नवी खोळ घातली. पैशाचं नाव काढू दिलं नाही.

अण्णा त्यावर एक रात्र झोपले आणि सकाळी कारखान्याच्या पायरीवर येऊन म्हणाले, "ही ती गादी न्हाई."

"अबे वोइच है."

"न्हाई. अंगाला लागत न्हाई. कापूस बदललास तू."

पिंजाऱ्याला कापूस बदलला म्हणणं म्हणजे सोनाराला सोनं बदललं म्हणण्यासारखंच. मुनाफभाईंचा चेहरा भुवयांइतका पांढरा झाला. जुना कापूस पिंजला की धूळ उडून जाते, वजन कमी होतं, गादी हलकी लागते, असं त्यांनी आधी सांगून पाहिलं. मग शिव्या देऊन सांगितलं. अण्णा ऐकेनात. दोन-तीन दिवस असा दंगा चालला की मला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना. पण खरं सांगतो, मला काळजी वाटली नाही. कौसाबाई गेल्यापासून अण्णांच्या तोंडून इतका आवाज प्रथमच निघत होता. आठ-पंधरा दिवस ओरडतील आणि एखाद्या संध्याकाळी आपोआप थंड होतील, असा माझा हिशेब होता.

तो चुकला, कारण अण्णा एका सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना म्हणाले, "मुनाफ्यानं माझा कापूस मारला." नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले. हॉटेलात तेव्हा कोणी मोबाईल धरून बसलं होतं.

दुपारपर्यंत ते वाक्य गावभर फिरलं, आणि फिरताना त्यातून मुनाफही गेला आणि अण्णाही गेले. उरलं ते एवढंच, की त्यांच्यातल्या एकानं आपल्यातल्या एकाला फसवलं. दुसऱ्या बाजूच्या मोबाईलवर तेच उलटं, की आपल्या गरीब कारागिराला त्यांनी चोर ठरवलं. संध्याकाळी पाच-सहा पोरं अण्णांच्या ओट्यावर आली. मी तिथं होतो, अण्णांनी झेरॉक्स राहिली म्हणून बोलावलं होतं.

"अण्णा, तुम्ही एकले न्हाई," त्यातला पुढारी म्हणाला.

"मी कवा म्हणलो एकला हाय?"

"तुम्ही फकत सांगा. उद्यापासून त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढणार न्हाई."

"अरे, मी चढून राह्यलो ना रोज," अण्णा म्हणाले. "मी न्हाई चढलो तर भांडू कोणाशी? तुम्ही घरी जा. आमचं चालू हाय, मधी येऊ नका."

पोरं हसली, पण गेली नाहीत. तिकडे मुनाफभाईंच्या दारातही अशीच पोरं येऊन गेली होती. दोन दिवसांवर आठवडी बाजार होता. रात्री ठाण्यातून दोघांना बोलावणं आलं. साहेब चांगला माणूस होता, पण त्याला बाजार सुखरूप पार पाडायचा होता. दोन्हीकडची चार-चार शहाणी माणसं बसली. एकानं गुलाबाची फुलं आणली होती. अण्णांनी मुनाफभाईंना फूल दिलं, मुनाफभाईंनी अण्णांना दिलं, मिठी मारा म्हटल्यावर मिठी मारली. फोटो निघाला. त्या फोटोत दोघे वधूवरासारखे अवघडून उभे आहेत, आणि भोवतीची मंडळी कन्यादान आटोपल्यासारखी प्रसन्न दिसतात.

बाजार शांततेत झाला. एक कांदासुद्धा घरंगळला नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्यात मीही होतो. काय झालं आहे ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. अण्णा कारखान्याची पायरी चढले आणि भिंतीपलीकडून मुनाफभाईंचा आवाज आला, "आवो अण्णासाहेब, तशरीफ रखो."

साहेब. आयुष्यभर जो माणूस अबे अण्ण्या होता तो एका फोटोत अण्णासाहेब झाला. अण्णाही काही कमी नव्हते. ते म्हणाले, "बसतो, मुनाफभाई." मुनाफभाई. गावाला ते मुनाफभाई होते, पण अण्णांच्या तोंडी मुनाफ्या सोडून दुसरं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी अण्णांनी नवं पत्र आणलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं. मुनाफभाईंनी कागद घेतला, डावीकडे अण्णांची सही बघितली, उजवीकडे आपली केली आणि म्हणाले, "बराबर लिखा, अण्णासाहेब." पत्र लिहिलं त्याच दिवशी माझ्याकडे झेरॉक्सला आलं. मी कौतुकानं म्हणालो, "अरे वा, एका दिवसात?" अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप मशीन चालू केलं.

मग अण्णांचे उद्योग सुरू झाले. पुढच्या पत्रात त्यांनी मुद्दाम 'सहिष्णुता' घातली. सही झाली. त्यानंतरच्या पत्रात 'भाई-भाई' घातलं, तेही एकदा नाही, ओळीओळीला. सही झाली. अण्णा माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. "भाई-भाई सोडलं त्यानं," म्हणाले. घरात कोणी जेवण सोडलं आहे असं सांगावं, त्या आवाजात म्हणाले. मी समजूत घालायला गेलो, की वय झालं, कंटाळा येत असेल. अण्णा म्हणाले, "लिहून कळवतो त्याला." पहिल्यांदाच त्यांनी कोणाला कळवणार ते सांगितलं.

आणि खरंच कळवलं. पत्र मंत्र्याच्याच नावाचं, पण मधोमध एक वाक्य: 'आमच्या गावातील गादीवाले लोकांचा कापूस मारतात, तरीही आम्ही त्यांच्याशी शेजारधर्म पाळून आहोत.' अण्णांनी ते मला आधीच दाखवलं. डोळ्यांत चमक होती. "आता उठतो बघा," म्हणाले आणि पायरी चढले. मी मशीन बंद करून भिंतीला कान लावला. वाचन झालं. या वाक्यावर अण्णांनी आवाज मुद्दाम चढवला. मग कागद हातात घेतल्याची सळसळ आली. मग मुनाफभाई म्हणाले, "बराबर है. पेन देव."

अण्णांनी तो कागद माझ्यासमोर फाडला. खाली दोन्ही टोकांना दोन सह्या होत्या. "हे पाठवायचं न्हाई," एवढंच म्हणाले आणि घरी गेले.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी उशी भरून घ्यायच्या निमित्तानं मी मुनाफभाईंकडे गेलो आणि विचारलं, "काल अण्णांनी लिहिलेलं वाचलंत का नीट?"

"पढा ना. उंगली रखके पढा."

"मग सही कशी केली?"

त्यांनी हातातल्या सुईनं रस्त्यापलीकडे दाखवलं. पलीकडच्या पानटपरीवर ती पाच-सहा पोरं खुर्च्या टाकून बसली होती, मोबाईल हातात. "रोज बैठते. उधर के गये की हमारेवाले बैठते. मैं जोर से बोला तो इनका मोबाइल चालू, और उनो चिल्लाया तो हमारेवालों का. उस दिन पेट में इत्ती गालियां आयी थी भाऊ, सब गिल गया." सुई पुन्हा खोळीत घालून ते म्हणाले, "मेरेकू उसकू एक बात बोलनी है. गाली देकेच बोलने की बात है, मीठी बोली में होतीच नहीं. मगर इधर जगा किधर है?"

प्रश्न रास्त होता. ऐक्यासाठी आमच्याकडे जागांना तोटा नाही. हॉल आहे, मंडप आहे, ठाण्यात खुर्च्या आहेत. दोन म्हाताऱ्यांना निवांत भांडायला मात्र गावात कुठे जागा उरली नव्हती. मी मनाशी ठरवलं की ती आपण काढून द्यायची.

एका दुपारी मी दुकान बंद केलं, अण्णांना मोटारसायकलवर घालून त्यांच्या शेतात सोडलं, परत आलो, मुनाफभाईंना गादीचं माप घ्यायला चला म्हणून मागे बसवलं आणि तिथं नेलं. लग्न जमवणारा मध्यस्थ जेवढा घाबरा होत असेल तेवढा मी झालो होतो. वेचणीचे दिवस होते, पण त्या दिवशी बायका दुसऱ्या शेतात होत्या. चहूकडे पांढरा कापूस आणि माणूस एकही नाही. हाकेच्या अंतरावर कोणी नव्हतं, मोबाईलला रेंज नव्हती. भांडायला याहून चांगली जागा तालुक्यात मिळाली नसती. मी म्हणालो, "इथं तुमचं कोणी ऐकणार नाही. मी विहिरीकडे आहे. होऊ द्या."

आणि विहिरीवर जाऊन बसलो. आता आवाज येईल, मग येईल म्हणून वाट बघत राहिलो. बगळे उडाले तरी मी आशेनं मान वळवत होतो. आवाज काही आला नाही. शेवटी उठून गेलो तर दोघे बांधावर बसलेले, मधे एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. थर्मासमधला चहा चालला होता.

"लेव ना, अण्णासाहेब."

"आधी तुम्ही घ्या, मुनाफभाई."

"फसल अच्छी है, माशाल्ला."

"देवाची कृपा."

माझं डोकं बांधावर आपटून घ्यावंसं वाटलं. मी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, "झालं का बोलणं?"

"झालं," अण्णा म्हणाले. "इचारलं मी सरळ. कापूस बदलला का म्हणलं. 'नहीं, अण्णासाहेब' म्हणला."

"मग?"

"मंग काय. म्हणलं, बरं." त्यांनी टोपी काढून झटकली. "त्यानं कसम न्हाई खाल्ली, शिवी न्हाई दिली, माझ्या अंगावर न्हाई आला. खरं बोलला आसंल. खरंच बोलला. पण असं खरं मला काय करायचं हाय?"

परतताना मी आधी मुनाफभाईंना सोडायला निघालो. रस्ता खडबडीत, मी गाडी हळू चालवत होतो. गाव दिसायला लागलं तेव्हा मागून ते बोलायला लागले.

"कापूस वोइच है, भाऊ. एक बोंड बी नहीं बदला. वो गादी पे पहले दो जने सोते थे. अब एकला सोता. तो गादी अलग लगेगीच ना? उसमें कापूस क्या करेगा?" खड्डा आला, त्यांनी माझा खांदा धरला. "पहलेच दिन मालूम था मेरेकू. तीन दिन उसका चिल्लाना होने दिया, बोला निकलने दो. चौथे दिन उसकी गर्दन पकडके बोलनेवाला था, अबे अण्ण्या, कापूस नहीं गया, भाभी गयी है, रो ले एक बार. रोया नहीं ना वो. मय्यत में बी नहीं रोया. उसके पहलेच सब लोगां बीच में आ गये, फूल लेके."

"मग आज बोलायचं होतं," मी म्हणालो. "आज तर कोणी नव्हतं."

"जबान पे आया था. अण्ण्याकू बोल सकता था, भाऊ. अण्णासाहेबकू कैसा बोलूं?"

अण्णांना आणायला परत गेलो तेव्हा ते बांधावर तसेच बसले होते, आणि ती गोष्ट माझ्या तोंडापर्यंत आली होती. पण मी ती सांगितली नाही. माझ्या तोंडून ते नुसतं सांत्वन झालं असतं, आणि सांत्वनाला आलेल्या माणसांना अण्णांनी चहा पाजून वाटेला लावलेलं मी पाहिलं होतं. ते ज्यानं सांगायचं त्यानं शिवी देऊनच सांगायला हवं होतं. मला शिवी द्यायचा हक्क नव्हता. मी म्हणालो, "चला अण्णा, ऊन उतरलं."

चार दिवसांनी अण्णांनी पत्र लिहिलं. ते मला जवळजवळ पाठ आहे. 'इकडे कापूस बरा आहे. शेळीचा खोकला गेला. आपली मंडळी खुशाल असतील. ऐक्याविषयी आपणांस मागे पुष्कळ लिहिले, ते आता राहू द्यावे. आमचे दोघांचे एक भांडण होते. ते घरचे होते. दोन्हीकडच्या मुलांनी ते रस्त्यावर नेले, मोठ्यांनी मिटवले व आम्हांस परत दिले. परत आले ते आमचे नाही. तरी आपल्या माणसांस कळवावे की, यापुढे गावात कोणाचे भांडण झाल्यास ते ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावे. मिटायला वेळ लागतो, पण मिटते. घरी सर्वांस नमस्कार.'

हे पत्र तरी अडेल, असं मला फार वाटत होतं. पूर्वीच्या मुनाफभाईंनी यातल्या 'घरचे' या एका शब्दावर आठवडा काढला असता. कोणाचं घर, तुझं की माझं, म्हणून कौसाबाई येईपर्यंत कागद सोडला नसता. अण्णा कारखान्यात शिरले तेव्हा पलीकडचं मशीन थांबलं. अण्णांनी वाचून दाखवलं. मुनाफभाई नीट वाचत असावेत, ओळीखाली बोट ठेवून, कारण बराच वेळ गेला. मी हातातली कामं खाली ठेवून कारखान्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

त्यांचं बोट कागदाच्या मधोमध थांबलेलं मला दिसलं. अण्णांनाही दिसलं. ते थोडे पुढे वाकले. पलीकडच्या टपरीवर कोणीतरी हसलं, आणि मुनाफभाईंनी मान वर करून रस्त्याकडे बघितलं.

"बराबर लिखा, अण्णासाहेब," ते म्हणाले. "पेन देव."

अण्णांनी खिशातलं ते दुसरं पेन काढून दिलं. सही झाली. पेन परत आलं, तरी अण्णा टोपण न लावता ते हातात धरून पायरीवर उभेच राहिले, आणि आतून मशीन सुरू झाल्यावर खाली उतरले. मी झेरॉक्स काढली. पत्र त्याच दिवशीच्या टपालानं गेलं.